तिसरा सर

झब्दिबोल आला तेव्हा
त्याच्या दाढीत अजून मिठागराची धूळ होती.
बस म्हटलं तरी बसला नाही. उभ्यानंच विचारलं,
कंठ्याचे किती घेतोस?

सांगितलं.
एकपदरी साधा असेल तर कमी,
मधोमध पदक लोंबत असेल तर वेगळे,
मणी गोल हवेत की जवासारखे लांबट, त्यावरही आहे.
माथ्याच्या पट्टीवर वेल हवा असेल
तर पोराचे दोन दिवस जास्त जातात.
आणि तलम वस्त्राच्या चुण्या फार पातळ येतात,
एखादी निसटली तर बोल लावायचा नाही,
हे आधीच सांगून ठेवतो सगळ्यांना.

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
मग म्हणाला,
शेजारच्या कोनाड्यात यरहाईची सून आहे ना,
तिला किती सर दिलेस?

दोन.

मग हिला तीन.
आणि हातात चाती नको.
चाती दिली की लोक म्हणतील, हिला कातावं लागायचं.

मी गेलो होतो तिला बघायला,
नेहमीसारखाच, आदल्या संध्याकाळी.
दोरीनं कपाळ मोजलं, हनुवटी मोजली.
बत्माल्कू. वय तिच्या बहिणीलाही नक्की सांगता येईना.
उजव्या अंगठ्याला सूत ओढून ओढून पडलेला घट्टा,
मसुरीएवढा, पिवळट.
कानांची भोकं बुजत आलेली.

मी काही विचारलं नव्हतं.
बहीणच बोलली, दिव्याची वात सारत:
फरातेच्या अलीकडे तांडा लुटला गेला
त्या साली डूल मोडले. मग बांगड्या.
मग ते हिरवं रेशीम,
कुठल्या मुलखातून आलेलं कुणास ठाऊक,
अंगावर चढवलं होतं तिनं एकदाच,
आणि त्या दिवशी विहिरीवर
बायकांनी तिला आधी पाणी भरू दिलं होतं.
एकदाच.
उंट नंतर पुन्हा आले. बारा होते, सतरा झाले.
डूल करायचे राहून गेले.

आमचा दगड मऊ, लोण्यासारखा कापला जातो.
तरी तिसरा सर मानेखाली बसेना.
मान वीतभर वाढवावी लागली,
सारसासारखी.
कोरून झाल्यावर सोन्याच्या जागी हरताळ भरला.
उन्हात ठेवली तेव्हा अशी काही पिवळी पेटली
की रस्त्यानं जाणाऱ्या दोन तेलीणी थांबल्या,
कुणाची गं ही, म्हणाल्या,
आणि नाव ऐकूनही त्यांना ओळख पटली नाही.

दगडातलं सोनं मोडता येत नाही,
हे गिऱ्हाईकांना फार आवडतं.
मला मात्र रात्री कधी कधी वाटतं,
मोडता येत नाही ते सोनं कसलं?
अडल्या वेळी काय करायच्या या सगळ्या जणी,
तिथं खाली, काळोखात,
आपापले कंठे धरून?

हात मी रिकामा ठेवला नाही.
पदराची कड धरलेली दाखवली, चालतं तसं.
पण अंगठ्यावर एक बारीक उंचवटा सोडला.
पोराला वाटलं, दगडाचा दोष.
कानस घेऊन घासायला बसला होता.
मी त्याच्या हातातून कानस काढून घेतली.
का, म्हणाला.
भूक लागली असेल, जा जेवून ये, म्हटलं.

बसवायच्या दिवशी झब्दिबोल मशाल घेऊन आत उतरला.
आधी शेजारच्या सुनेचे सर मोजले.
मग हिचे.
मग मशाल खाली झाली,
आणि बराच वेळ तशीच राहिली,
तिच्या हातापाशी.
तो काय बघत होता ते मला दिसलं नाही,
मी चुना कालवत होतो.

नावाखाली ‘हाय’ एवढंच कोरलंय.
त्या शब्दाचे पैसे मी कुणालाच लावत नाही.
बाकीचे त्यानं दिले, चोख, मोजून.
तिसऱ्या सराचे तेवढे
अजून यायचे आहेत.