डबा फिरवायचा नाही

करवंद नाक्यावरच्या आमच्या मेडिकलात
तो डबा ठेवलाय काउंटरच्या बरोबर वर,
बाळंतकाढा आणि गुडघ्याच्या तेलाच्या मधोमध,
तोंड गिऱ्हाइकाकडे, पाठ भिंतीकडे.
शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं :
मंदाकिनी, डबा फिरवायचा नाही.

पाठीवर एक तपकिरी त्रिकोण आहे,
करडईच्या दाण्याएवढा.
त्याखाली बारीक अक्षरात : मत्स्यजन्य.
त्याहून बारीक : परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात.

गुजराथी काकू आल्या त्या मे महिन्यात.
रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.
पदरानं मान पुसत म्हणाल्या,
पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे,
फोटोत मी तिची आजी दिसायला नको.
मग आवाज उतरवून : व्हेज असेल ना गं?

मी म्हणाले, स्ट्रॉबेरी आहे.

ते खोटं नव्हतं.
खरं होतं, असंही म्हणवत नाही.

दर महिन्याला एक डबा.
चातुर्मास लागला, काकूंनी कांदा-लसूण सोडला, वांगं सोडलं,
आणि विचारलं, हे उपासाला चालतं का?
गल्ल्यावरून शेठच म्हणाले, चालतं की.
मी खोकल्याच्या बाटल्या पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले.

भादव्यात त्यांनी माझा हात धरला
आणि स्वतःच्या गालावर ठेवला. बघ.
गाल मऊ होता. खरंच होता.
डोळ्यांच्या कडेची जाळी तशीच,
पण जाळीत काहीतरी ओलसर अडकल्यासारखं.

डब्यानं केलं?
एमआर एकदा चहा पिता पिता खरं बोलून गेला होता :
पोटात गेलं की सगळं तुटतं, मॅडम,
तुकडे पुढे कुठे जातात ते तुकड्यांनाच माहीत.
काकू सांगत होत्या, पहाटे उठते,
मागच्या पायरीवर बसून पेलाभर पिते, हळूहळू.
अठ्ठावीस वर्षांत बसून काही प्यायलेलं
मला आठवत नाही, मंदा.

मीही पिऊन पाहिलंय. मुदत संपत आलेल्या पुड्या, फुकटच्या.
चेहऱ्याचं काही कळलं नाही,
आमच्या आरशाचा पारा उडालाय.
ढेकर मात्र ओळखीचा आला :
आधी स्ट्रॉबेरी,
तिच्या मागून तापी.

रविवारी मासळी बाजारात सुपडाबाई
कटल्यावर उलटी सुरी ओढत होती.
खवले उडून तिच्या कोपरापर्यंत चिकटलेले,
एक भुवईवर, चमकीसारखा.
पूर्वी ते गटारीत जायचे. आता पोत्यावर वाळत घातलेले.
आते खवलंबी इकाई जातस, ती म्हणाली,
गाडीवाला येस, पैसा देस, लई जास.
काय करतस येन्हं?
माले काय मालूम.

मग मीच सांगितलं. डबा, चमचा, अठराशे रुपये.
हेच खवले त्याच डब्यात जातात असं नाही,
कुठली गाडी कुठे जाते मला ठाऊक नाही, तरी सांगितलं.
तिची सुरी थांबली.
माय वं! लोके खवलं खातस?
आणि ती हसली, इतकी,
की शेजारची बोंबिलवाली उठून बघायला आली.
हसताना तिच्या तोंडावर
मोजता येणार नाहीत इतक्या रेघा उमटल्या,
हसू संपलं तरी निम्म्या तिथेच राहिल्या.
माले तो पंधरा रुपया किलो देस, ती म्हणाली,
आणि शेपटाकडून पुन्हा सुरुवात केली.

कार्तिकात काकू आल्या. शेठ जेवायला गेलेले.
मी स्टुलावर चढले, डबा काढला,
आणि काउंटरवर ठेवला, पाठ त्यांच्याकडे करून.
काही बोलले नाही. बोट तेवढं ठेवलं, त्रिकोणाशेजारी.

त्यांनी पर्समधून चष्मा काढला. पुसला. लावला.
पंख्याचे किती फेरे झाले कोण जाणे.
बाहेर एक रिक्षावाला चोपडा, चोपडा ओरडत होता.

मग त्यांनीच डबा फिरवला,
तोंड पुढे, पाठ माझ्याकडे,
पैसे मोजून ठेवले,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
पिशवी काळी दे.