अवधाण

हृदयाचा धडा संपला त्या दिवशी ढमढेरे मॅडम म्हणाल्या,
आता जी नदी शिकायची, तिला हृदयच नाही.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
त्यांनी पांढऱ्या खडूनं फळ्यावर एक माणूस काढला
आणि हिरव्या खडूनं त्याच्या आत दुसरा.

लसिका.
रक्तवाहिन्यांतून पाझरून पेशींच्या फटींत राहिलेलं पाणी.
परत जायचंय, आणि पंप नाही.
पोटरी आवळली की वर सरकतं बोटभर,
श्वास घेतला की अजून थोडं,
मागे फिरू नये म्हणून जागोजाग झडपा.
शेवटी गळ्याच्या मुळाशी, डावीकडे, शिरेत मिळतं,
संगम पुलाजवळ मुठा मुळेला मिळते
तितकाही गाजावाजा न करता.

मला ओतूरचं घर आठवलं. टाचेत काटा मोडला होता,
आणि आईनं टाच नंतर बघितली,
आधी जांघ चाचपली: अवधाण आलंय पोरीला.
वहीत मी लिहिलं, लसिकाग्रंथींची सूज.
समासात, बारीक अक्षरात, आईचा शब्द.

वॉर्डात नऊ नंबरला सरूबाई लडकत.
मंडईत हारांचं दुकान, चाळीस वर्षं.
डाव्या काखेतल्या सतरा गाठी गेल्या वैशाखात काढल्या,
स्तनाबरोबर.
रोज टेप लावायची, कोपराच्या वर दहा सेंटिमीटर:
एकतीस. एकतीस. साडेतीस.
"ब्लाउज शिवणारेस का माझा?"
मी समजावू लागले, वाहिन्या, गाठी, गाळणं.
"हौद म्हण की सरळ.
कात्रजच्या तळ्याचं पाणी यायचं आमच्या पेठेत,
जमिनीखालून, नुसत्या उतारावर.
हौदात गाळ बसायचा, वरचं निवळ पुढं.
माझ्या काखेतले हौद बुजवलेत तुम्ही."

त्या हौदांवर पहाराही असतो, हे मी बोलले नाही.
बोटाला सुई टोचली, जंतू शिरला,
की एक पेशी त्याचा तुकडा अंगावर घेऊन निघते,
काखेतल्या गाठीत येते
आणि टी-पेशींना विचारत सुटते: याला ओळखता?
बहुतेक नाहीच म्हणतात.
एखादी हो म्हणते.
मग त्या एकीच्या हजारो होतात,
शेजारी बी-पेशी प्रतिपिंडं घडवायला बसतात,
गाठ फुगते, ठणकते.
ठणका म्हणजे आत काम चालू आहे.
आणि काही पेशी नंतरही जात नाहीत.
सरूबाईला पाचव्या वर्षी गोवर आला होता.
मुलाचा नवा नंबर तिला सांगता येत नाही,
तो गोवर मात्र कुठल्याशा गाठीत अजून पाठ आहे.

मालिश म्हणजे रगडणं नव्हे.
पानावरचं दव हलेल एवढाच दाब.
आधी मान मोकळी करायची, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी.
पुढं जागा झाल्याशिवाय मागचं सरकत नाही,
हे स्वारगेटच्या चौकात अजून कुणाला कळलेलं नाही.

घरी जाताना कागदावर लिहून दिलं:
डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, कापणं नको.
"सुई नको? मग हार काय दातानं ओवू?"
पण गजऱ्यांवर आली ती. नुसता दोरा, गाठ, बोटं.
एक मला पाठवला, अबोलीचा.

मग दसरा आला, झेंडूच्या राशी आल्या.

परवा पहाटे रिक्षातून उतरली, अंगात ताप,
हात लाल, तव्यासारखा,
अंगठ्याशी एक बारीक टोच.
"सून एकटी होती गं दुकानात."
मी सवयीनं काख चाचपली.
सपाट. नुसता व्रण.
इथं आता अवधाण यायचं नाही,
आतून हाक मारायला कुणी ठेवलेलं नाही.

डॉक्टर आले. सलाईन उजव्या हाताला लागलं.
मी निळं पेन घेतलं
आणि लाली जिथं संपत होती तिथून कड आखत गेले,
मनगटावरून, कोपराच्या जरा खाली.
"नकाशा काढतेस?"
हो म्हणाले, हलू नका,
आणि रेघेशेजारी तिच्या कातडीवर वेळ लिहिली:
सकाळ, सव्वासात.