पसंतीक्रम

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही.
भिंतीपलीकडे आठ माग, अलीकडे आम्ही पाच माणसं,
मीठ मागायचं तरी ओरडून.

नायना ओठ बघून ऐकतात.
तीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभं राहून
त्यांच्या कानांत आता फक्त खटका उरलाय,
म्हणून त्यांच्याशी अंधारात भांडता येत नाही.

बारावीला एकसष्ट टक्के पडले
आणि ज्याला त्याला माझं काहीतरी सुचायला लागलं.
नरहरी मामा हिंजवडीहून, स्पीकरवर : कॉम्प्युटर.
गुर्रमकाकू गॅलरीतून : डी.एड. कर, सुट्ट्या असतात.
अम्मा तेंदूचं पान कातरत राहिली,
मांडीवर सूप, सुपात सातशेच्या आसपास विड्या,
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"काहीही कर. बसून करायचं नको करू."

एप्रिलातली गोष्ट आहे, मी कुणाला सांगितली नव्हती.
दुपारी तीनला डीपी उडाला
आणि अख्ख्या साखरपेठेतले माग एकदम थांबले.
इतकी शांतता मी पहिल्यांदाच पाहिली.
माठाखालच्या वाटीत थेंब पडत होता.
तीन घरं सोडून कुणीतरी खोकलं.
आणि पलीकडून गाणं ऐकू आलं.
नायना.
बंद मागापाशी उभे, तुटलेला धागा हातात,
खुशाल गात होते, तेलुगूत, बेसूर, मोठ्यांदा.
रोज गात असणार. आम्हाला कुठलं कळायला?
वीज गेल्याचं त्यांना पायांनी कळलं,
जमीन थरथरायची थांबली तेव्हा.
मग गप्प झाले, बाहेर आले, घाम पुसला.

तासाभरानं वायरमन आला. बारीक, चिडका माणूस,
तोंडात मावा, चपला खांबाखाली काढून वर चढला.
संक्रांतीत नंदीध्वजाकडे बघतात
तशा माना वर करून बघत होते सगळे,
मालकसुद्धा, जे एरवी कामगाराच्या
हाताच्या वर नजर नेत नाहीत.
त्यानं काहीतरी ओढलं, काहीतरी बांधलं,
आणि पेठ पुन्हा खडखडायला लागली.
मला कळेना, मला नक्की काय हवंय :
ती शांतता,
का ती मोडायची पक्कड.

अशोक चौकातल्या कॅफेत फॉर्म भरणारा पोरगा
माझ्याकडे न बघता टाइप करतो.
नाव? भार्गवी अंबादास चिलवेरी.
आयटीआय विजापूर रोड? हो.
पसंतीक्रम एक?
मी सांगितलं.
त्याची बोटं थांबली. "मुलींना ड्रेसमेकिंग आहे, कोपा आहे..."
मी पुन्हा सांगितलं, आमच्या घरच्या आवाजात.
झेरॉक्सच्या रांगेतले सगळे वळले.
वायरमन. दुकानात घुमलं.
त्यानं मुकाट्यानं क्लिक केलं.

रात्री नायनांना बल्बखाली बसवलं,
समोर उभी राहिले, ओठ सावकाश हलवले.
"एमि?"
त्यांना दिसलं होतं. तरी तीनदा विचारलं.
मामा फोनवर म्हणाला, खांबावर चढायला बारावी कशाला?
अम्मानं फोन उलटा ठेवला.
नायना उठून दाराजवळच्या बोर्डापाशी गेले,
बोट दाखवलं, लांबूनच :
"हा शॉक देतो. तीन वर्षं झाली."
पुढे काही नाही. जेवायला बसले.
शेंगाचटणी जास्त घेतली, एवढंच.

यादी गुरुवारी लागणार आहे.
दुसऱ्या पसंतीला मी काय लिहिलंय
ते अजून कुणाला सांगितलं नाही,
माझं मलाही नीट माहीत नाही ते का लिहिलं.
अम्माच्या विड्या कारखान्यात पोचवायला जाते
तेव्हा वर बघत चालते, दोनदा ठेच लागली.
घरापासून तिथपर्यंत तेवीस खांब.
अकराव्यावर कावळ्यानं घरटं केलंय,
काड्या कमी, तारांचे तुकडेच जास्त,
आणि त्याला कुठं काही होतंय.