एकरी भाव

बावन्नाव्या वर्षी मी यंत्र बदललं, इतकंच.
आधीचं कागद गिळायचं, शाई ओकायचं,
रात्री दोन ते सकाळी सहा,
सत्तावीस वर्षं.
मग पेपरच बंद पडला.
ती बातमीही मीच छापली,
आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली.

नवं यंत्र रबरी पट्ट्यांवर चालतं.
पुढे ड्रम, ड्रमवर तीस दात.
उभं झाड शेंड्याकडून आत घेतं,
शार्पनरमध्ये पेन्सिल जावी तसं,
आणि मागे पसरतो भुसा, कोमट, तांबूस,
हिवाळी कपड्यांच्या पेटीचा वास असलेला.
साठ हप्ते.
बँकेतल्या पोरानं विचारलं, अनुभव?
म्हटलं, गोंगाटाचा आहे.

मार्व्हा काही बोलली नाही.
विजेच्या बिलामागे एक भागाकार केला
आणि बिल फ्रिजवर लावून टाकलं,
आकडा बाहेरच्या बाजूला.

ओक्लाहोमात पूर्वी आग यायची,
दर दोन-चार वर्षांनी, वाऱ्यासोबत,
आणि गवत टिकायचं.
आम्ही घरं बांधली, आग थांबवली,
सीडर माजलं.
आता त्याच्यावर माझं पोट.

पहिलं गिऱ्हाईक इमोजीन प्रूइट, वय चौऱ्याऐंशी.
"ओट्यावरून तळं दिसायचं मला," म्हणाली.
ओट्यावरून दिसत होती हिरवी भिंत.
मी ट्रकमधून उतरलोही नाही.
खिडकीतूनच नजर टाकली, एकरी भाव सांगितला,
आठ एकर, हात मिळवला.
नवशिक्याची ऐट.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास
आवाज बदलला.
छापखान्यात कागद तुटायच्या आधी
कानाला कळायचं, तसंच.
हात गेला बटणावर, पण उशीर झाला होता.
झाडानं पोटात घेतलेली काटेरी तार
ड्रमला गुंडाळली होती रिळासारखी,
वेटोळ्यावर वेटोळं,
तीन दात गेले, सील गेलं,
आणि ज्या नफ्याची मी रात्री उजळणी करायचो
तो त्या गुंत्यात कुठेतरी आत.

ड्रमखाली पाठीवर पडून
मी तार कापत राहिलो, वीत-वीत.
अंधार झाला.
तेव्हा ती आली टॉर्च घेऊन,
हातात नवऱ्याचे मोजे, दोन बोटं फाटलेले.
"लायलची तार," म्हणाली.
"सांगितलं होतं, खांब रोव.
झाडालाच खिळे ठोकत गेला आळशी.
या ओढ्यापासून त्या दगडापर्यंत
शिव्या देत देत."
तिचा हात कापत होता,
म्हणून उजेड कापत होता.
मी त्या थरथरीचा अंदाज घेत
पक्कड लावायला शिकलो.
"आता डावीकडे गाठ येईल," ती म्हणाली.
आली.

पाचव्या दिवशी तळं दिसलं.
निम्मं पाणकणसांनी खाल्लेलं,
पाणी चहाच्या रंगाचं.
ती ओट्यावर बराच वेळ उभी होती.
"मोठं होतं," म्हणाली.
थोड्या वेळानं पुन्हा, "मोठं होतं खरंच."
मला काय बोलावं सुचलं नाही.
कानातले बोळे काढून खिशात घातले.
ठरलेल्या रकमेचा चेक तिनं लिहिला.
दातांचे पैसे मी मागितले नाहीत.
त्यात मोठेपणा नव्हता,
भाव माझ्याच तोंडून निघाला होता.

घरी मार्व्हानं विचारलं, उरलं काही?
मी दाराबाहेर शर्ट झटकला.
पूर्वी नखांत शाई असायची,
आता कॉलरमधून सीडर सांडतं.
ती हसली की खोकली, नीटसं ऐकू आलं नाही.

रविवारी फोन आला. कोणी ड्वेन स्टॅम्पर, बारा एकर.
एकरी काय घेता?
म्हटलं, तासावर घेतो. आधी जमीन चालून बघतो.
तार आहे का कुठे?
छे, म्हणाला, तार कुठली इथे.
म्हटलं, तुमच्या वडिलांना विचारून ठेवा.
आणि बूट घालून तयार राहा,
आपण दोघं चालू.