शंभरातून सात

पोरीनं फरशीवर निळी पट्टी चिकटवलेली,
दहा मीटर.
म्हणाली, काका, पट्टीवरून चालत जायचं
आणि चालता चालता शंभरातून सात सात वजा करायचे.
थांबायचं नाही. दोन्ही एकदम.

म्हटलं, बाई,
ज्ञानू घाडगे, बिल्ला नंबर बाराशे चार,
चौतीस वर्षं सातारा डेपो.
मला दोन्ही एकदम शिकवतेस?
केळघर घाटात कंबर सीटच्या दांडीला टेकून
डाव्या बोटांत उभ्या दुमडलेल्या नोटा,
उजव्यात चिमटा,
तोंड पुढच्या म्हातारीशी, कान मागच्या दाराशी,
आणि एक डोळा
कोंबडीची पाटी लपवून चढलेल्या त्या माणसावर.

त्र्याण्णव.
शहाऐंशी.
एकोणऐंशी.
आणि एकोणऐंशीला पाय उभाच राहिला,
खंबाटकीत गाडी तापून उभी राहते तसा.
पुढचा आकडा ओठावर होता.
पण आकडा येईना तर पाय निघेना,
पाय निघेना तर आकडा येईना.

तिनं काहीतरी लिहिलं,
मला दिसू नये असं पॅड तिरकं धरून.

मग मी रागावलो थोडा.
सात म्हणजे काय गं? कुणाचे सात? कुठवरचे?
मला भाडं घाल.
ती हसली, पण घातलं:
मेढा, दोन फुल, एक हाफ, विसाची नोट.
आमच्या वेळचे साडेसात, मी चालायला लागलो,
पंधरा आणि पावणेचार, पावणेएकोणीस,
हा घ्या सव्वा रुपया, सरका पुढं,
आणि पट्टी संपली.
वळताना कंबरेनं आपोआप दांडी शोधली.
दांडी नव्हती. तरी तोल गेला नाही.

हे एवढं सांगून मी गप्प बसलो असतो.
पण तिच्या कागदावर एक ओळ उलटी वाचता आली
(उलटं वाचायची सवय वेबिलापासूनची):
बोलताना पाय थांबतात का?
होय. नाही.

आणि मला फडतरे सर आठवले.

रोज साडेपाचला आम्ही किल्ला चढतो.
सर पाढ्यांचे मास्तर.
औटकी, अडीचकी चढावर म्हणायचे, दम न लागता,
मंगळाईच्या देवळापाशी पोचेतो
माझाच श्वास फाटलेला असायचा.
पण गेल्या दिवाळीपासून
मी काही विचारलं की ते आधी थांबतात,
दगडाकडे बघतात,
मग उत्तर देतात.
मला वाटायचं, मास्तर आहेत,
प्रश्नाला मान देतात.

दुसऱ्या दिवशी अख्खा चढ मी काहीच विचारलं नाही.
ना नातवाचं, ना पेन्शनचं, ना कुणाचं वारलं ते.
खाली गावात दिवे एकेक विझत होते,
यवतेश्वराकडे अजून अंधार,
आणि माझ्या तोंडात सत्तर वर्षांत कधी नव्हती एवढी शांतता.
तीही चालवेना.

मग ठरवलं,
विचारायचंच झालं तर मीच आधी थांबायचं.
त्यांना एकट्याला थांबू द्यायचं नाही.
दुसऱ्या वळणावर वाकलो, पायाशी चाळवाचाळव केली,
जणू नाडी सुटलीय.

सर पुढं गेलेले, चार पावलं,
मान न वळवता, पाय न मोडता
चढावरूनच म्हणाले,
घाडगे, चपलेला नाडी कधीपासून बसवली?

उद्याचं मला माहीत नाही.
उद्या कदाचित दगडापाशी उभे राहतील,
आणि मी पुन्हा वाकेन.
पण आज ते बोलले आणि चालत राहिले.
मी मनातल्या मनात छताची दोरी पकडली
आणि दोनदा ओढली.