नंबर सतरा

सात दिवस नायना डाळिंब खात होता
मी सांगितलं म्हणून.
सांगोल्याचं, भगवं, दाणे वाटीत,
उभ्या उभ्या, काढा घ्यावा तसं तोंड करून.
आठव्या दिवशी बाटली भरून दिली
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
शेजारच्या बालमणीअक्काला दिसू नये अशी.

बत्तीस वर्षं रंगखात्यात.
चादरीवरचा मोर लाल व्हायचा त्याच्या हातून,
आणि हातही.
जेवायच्या आधी राख, साबण, खडबडीत दगड,
तरी भाकरीच्या काठावर गुलाबी बोट उठायचं
आणि आम्ही पोरं भांडायचो
त्या तुकड्यासाठी.

तो रंग कुठं गेला, नायना?

थोडंफार कळतं मला आता.
आतड्याच्या वळणांत, जिथं हवा पोचत नाही,
तिथं एक पाळी चालते
जिला भोंगा नाही.
तिथले कामगार डोळ्यांना न दिसणारे,
रंगाच्या रेणूतली मधली गाठ शोधतात,
नायट्रोजनला नायट्रोजन बांधलेला,
आणि कापतात.
गाठ सुटली की लाल मरतो.
मागं राहतात बिनरंगी तुकडे.
काही गरीब, आले तसे निघून जाणारे.
काही
मूत्राशयाच्या उंबऱ्यावर
वर्षानुवर्षं बसून राहणारे.

ते कामगार वाईट नाहीत. चांगलेही नाहीत.
समोर आलं ते उसवायचं, एवढंच येतं त्यांना.
मालदांडीचा कोंडा आला, उसवला,
आतड्याच्या भिंतीला जळण मिळालं.
डाळिंबातला तुरटपणा आला,
त्याचा एकेक धागा ओढत ओढत
शेवटी असं काही उरलं
जे फळात नव्हतं, झाडात नव्हतं,
बाजारात कुठल्याच टोपलीत नव्हतं.
युरोलिथिन म्हणतात त्याला.
रक्तात जातं. म्हणे भलं करतं.
म्हणे. अजून तपासतायत.

सगळ्यांच्या पोटी हे होत नाही.
कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस बाटल्या, माझंच अक्षर लेबलांवर.
नंबर सतराचा आलेख चढला
गड्ड्यातल्या नंदीध्वजासारखा, सरळ.
नंबर अठरा सपाट.
दुसऱ्यांदा घातला मशीनमध्ये. सपाट.

अठरा म्हणजे मी.

त्याचं डावखुरेपण मला आलं,
कडक भाकरी मोडतानाची घाई आली,
तेलुगूत रागावून मराठीत माफी मागणं आलं.
हा एक जंतू तेवढा आला नाही.
किंवा आला असेल, आणि
सहावीत टायफॉइडच्या गोळ्यांत गेला असेल
हजेरी न लागता.

त्याला सांगितलं तेव्हा तो खाटेवर
पाय सोडून बसला होता.
"म्हणजे माझ्या पोटात खातं चालूच हाय म्हण की."
चालू आहे.
"आन् पगार कोण देतंय?"
मग वाटी माझ्याकडं सरकवली.
खाल्ले मी दाणे. जीभ आवळली.
आत कुणी उठलं नाही बहुतेक.

अभ्यास संपून दोन वर्षं झाली.
चाळीस जणांची नावं फाईलसकट कपाटात गेली.
पण दर सहा महिन्यांनी मी नायनाकडं बाटली मागते
आणि ती आमच्या लॅबला नेत नाही.
अक्कलकोट रोडवरून वळून
दुसऱ्याच एका दारात देते,
जिथं डाळिंबाचं कुणी विचारत नाही,
काचपट्टीवर पेशी बघतात.
आजवर तीनदा निर्मळ.

"डाळिंबाचंच ना गं?" तो विचारतो.
होय, म्हणते.
नखांच्या मुळाशी त्याच्या
ती लाल रेघ अजून आहे,
एवढ्या वर्षांत कुणालाच न उसवलेली.
तो वर्तमानपत्राची घडी घट्ट करतो.
"धर. या वेळी काठोकाठ भरलीय."