फेरफार

चार हजार शहाण्णव.
लोकरीच्या गिरणीला एवढे पत्ते कशाला लागत होते,
असं बाल्तासार इपुचेला विचारलं
तर तो खांदे उडवतो : तेव्हा मागितले की मिळायचे.
एक पान, एक सही, एक फॅक्स.
वापरले बारा.
तेरावा भोंग्याला देऊ, असं तो हसत म्हणायचा.
मग भोंगाच बंद पडला.

गिरणीचे माग विकले, वजनकाटे विकले,
कॅन्टीनची भांडीसुद्धा गेली,
आणि देणी फेडायच्या यादीत सगळ्यात खाली
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं :
इंटरनेटचे आकडे, एक रांग, कोरे.

माझं काम नोंदवहीचं.
मोन्तेविदेओत, नदी जिथं समुद्राचं सोंग घेते
तिथून दोन गल्ल्या आत बसून
कुठला आकडा कुणाच्या नावावर, ते मी लिहिते.
जमीन नाही, तरी फेरफार आहे.
वस्तू नाही, तरी ताबा आहे.
मालकी हा शब्द आम्ही वापरत नाही.
वकील वापरतात.

घेणारी उलानबातरची. ओयुनगेरेल.
शहराबाहेरच्या टेकडीवर, नमद्याच्या गोल घरांना
ती इंटरनेट पुरवते.
एका पत्त्यामागे चारशे घरं,
त्यामुळे एकाच्या पोरानं आगळीक केली
की चारशे उंबऱ्यांना बँकेचं दार बंद.
माझी सकाळ नवाची, तिची रात्र आठाची.
तिच्या पत्रात गरज नीट मोजलेली होती,
खांबासकट, बॅटरीसकट.

आडवे आले ते नियम.
आमचा म्हणायचा : आत येऊ द्या, बाहेर नको.
त्यांचा म्हणायचा : जिथून येतं तिथं जाताही आलं पाहिजे,
आणि गरजेचा काटा दोन्हीकडे एकच हवा.
दोघंही शहाणे,
एकमेकांकडे पाठ करून शहाणे.
सगळे गुण जुळून सोयरीक अडली ती एका कलमावर :
जाण्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.
राहून गेलं म्हणजे,
ठेवलं होतं.

तीन वर्षं सभा.
पाराग्वायचा म्हातारा एर्मेनेहिल्दो दरवेळी उठायचा :
आमच्या गावात अजून तार पोचली नाही,
आणि तुम्ही आकडे बाहेर धाडायला निघालात?
कुणी हसायचं नाही.
मीही नाही. तो खोटं बोलत नव्हता.
ज्या घरातून काही नेता येत नाही
तिथं कोण काय आणून ठेवेल,
असं एक मुलगी मागच्या रांगेतून म्हणाली,
तीही खोटं बोलत नव्हती.

शेवटच्या सभेत हरकत विचारली.
म्हातारा उठला. बोलला मात्र नाही,
पाणी प्यायला बाहेर गेला
आणि दार हळू लावून घेतलं.
कलमात दोन शब्द वाढले.
इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते.
ते मीच लिहिलं.

गुरुवारी फेरफार झाला.
बोट नाही, ट्रक नाही, पावती एक.
माझ्या वहीतून एक ओळ खोडली,
अर्ध्या जगापलीकडच्या वहीत तीच ओळ उमटली.
बाल्तासारला फोन केला. म्हणाला,
आता माझ्या बारांचं काय?
तेही गेले, म्हटलं.
बरं, म्हणाला, आणि कुत्र्याला हाक मारत राहिला.

काल ओयुनगेरेलचं पत्र आलं.
चारशेंची आता चाळीस झालीत, बँक उघडतेय.
फक्त एक गंमत :
आकड्यांची बदली अजून सगळ्यांना कळलेली नाही.
बाहेर उणे एकतीस, चूल रात्रभर पेटती,
आणि तिच्या आईचा फोन रोज सकाळी सांगतो
आज एकोणतीस अंश, वारा दक्षिणेचा,
पोहायला जायला हरकत नाही.

आई म्हणते, दुरुस्त करू नकोस इतक्यात.